कोम : एका नावाच्या शोधात सात दिवस

दर पितृपक्षात बाबा एका नावापाशी थांबतात. आईचं नाव येतं, गोत्र येतं, मग पितामहीची पाळी येते आणि बाबा गुरुजींकडे बघतात. गुरुजी नदीचं नाव घ्यायला सांगतात. बाबा ते घेतात, पण पाणी सोडताना त्यांचा हात क्षणभर रेंगाळतो. बाबांची आजी, म्हणजे माझ्या आजोबांची आई, १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, गेली. आजोबा तेव्हा पाळण्यात होते. त्यांना त्यांच्या आत्याने वाढवलं. आईचं नाव त्यांना कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि ते विसरले, हे आता कळायला मार्ग नाही.

घरात वंशावळ आहे. थोरल्या काकांनी चाळीस वर्षांपूर्वी ड्रॉइंगच्या जाड कागदावर काढलेली. आठ पिढ्या आहेत आणि सगळे पुरुष. त्यात बाबांची आजी नाही, माझी आई नाही, मीही नाही. बाबांनी यंदा ब्याऐंशी पूर्ण केली. मी आठवड्याची रजा काढली.

पहिला दिवस : पुणे, पेशवे दफ्तर

काउन्सिल हॉलजवळची ती दगडी इमारत १८९१ ची. तिचं आजचं नाव पुणे पुराभिलेखागार, पण जुनी माणसं अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. आत शिरल्यावर आधी जाणवतो तो गारवा, मग जुन्या कागदाचा आणि कापडाचा वास. ओळखपत्र, अर्ज, अभ्यासाचा विषय हे सगळं लिहून दिलं. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "नक्की काय शोधताय?"

"वडिलांच्या आजीचं नाव."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, त्या इथे भेटायच्या नाहीत. त्यांच्या सासरची माणसं भेटतील. तिथून सुरुवात करा." पुढच्या सहा दिवसांत मला इतका नेमका सल्ला फार कमी मिळाला.

हे दफ्तर कुणाच्या घराण्याचा इतिहास जपायला ठेवलेलं नाही, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने राज्याचे कागद ताब्यात घेतले, ते महसूल आणि इनामं यांचा हिशोब लागावा म्हणून. त्यामुळे इथं आहे तो कारभार. रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, प्रांत अजमास म्हणजे प्रांतांचे हिशोब, पागा म्हणजे घोडदळाचे. चौकोनी कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि असे रुमाल ३९ हजारांच्या आसपास आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला त्या खंडांत पुष्कळ सापडतं. आमच्यासारख्या गावातल्या घराला मात्र रुमालच सोडावा लागतो.

आणि रुमाल मागवायचा तर गावाचा जुना पत्ता हवा. आजचा तालुका, जिल्हा सांगून काही होत नाही. मौजे कुठलं, तर्फ कुठली, परगणा कुठला, प्रांत कुठला, हे सांगावं लागतं. माझा अख्खा पहिला दिवस आमचं गाव तेव्हा कुठल्या परगण्यात होतं, हे शोधण्यात गेला. आजच्या नकाशावर तीस किलोमीटरवर असलेली दोन गावं तेव्हा दोन वेगळ्या प्रांतांत असतात, आणि नदीपलीकडचं गाव आपल्या परगण्यात निघतं. ज्यांना हा शोध घ्यायचा आहे त्यांनी हे काम घरून करून यावं. गावच्या जुन्या खरेदीखतावर, देवळाच्या सनदेवर, कधी घराच्या जुन्या कागदावर परगण्याचं नाव सापडतं.

संध्याकाळी एक रुमाल समोर आला. त्यात आमच्या गावाचं काही नव्हतं, पण मी तो वाचत बसले, हात बसावा म्हणून. दोन वर्षांपूर्वी मोडी लिपीचा वर्ग केला होता, पण वर्गातली मोडी आणि कारकुनाची मोडी यांत फार अंतर. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरांना अक्षरं जोडत जातो. शब्द कुठं संपला ते तो सांगत नाही. ऱ्हस्वदीर्घ नाही. मौजे लिहायला 'मौ' आणि पुढे एक दंड, प्रांत लिहायला 'प्रा' आणि दंड. दोन तासांत माझ्या अकरा ओळी झाल्या. एका कागदावर साल होतं : इहिदे सितैन मया व अलफ. अरबी संख्या उजवीकडून मांडत गेले. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. अकराशे एकसष्ट, तेव्हाच्या शुहूर सनाचं; इसवीत १७६०-६१. पानिपतचं साल. कागद मात्र कुठल्याशा गावच्या बैलांच्या चाऱ्याचा होता. मी तो बराच वेळ पाहत राहिले. त्या वर्षीही कुणीतरी चाऱ्याचा हिशोब चोख ठेवत होतं.

दुसरा दिवस : तिथेच

'जमाव' नावाच्या विभागात आमचं गाव सापडलं. इनाम कमिशनच्या काळात गावोगावच्या वतनदारांकडून, इनामदारांकडून गोळा झालेले कागद तिथं आहेत. १८५२ च्या अकराव्या कायद्याने सरकारने प्रत्येकाला विचारलं की तुझ्याकडे ही जमीन कशी आली, कुणी दिली, तेव्हापासून कोणाकडून कोणाकडे आली. त्यावर लोकांनी कैफियती लिहून दिल्या. जमीन वाचवायची तर मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची साखळी दाखवणं भाग होतं. आज आपण ज्याला वंशावळ म्हणून कौतुकाने बघतो, ती अशा धास्तीतून लिहिली गेली आहे.

आमच्याकडे चौगुलकी होती. पाटलाच्या हाताखालचं वतन. तिच्याबद्दल घरात ऐकलं होतं, पण तिचा कागद मी प्रथमच पाहत होते. इंग्रजी अमदानीतलं वळण, त्यामुळे अक्षर मोकळं. मूळ पुरुषाचं नाव वर, खाली रेघा, प्रत्येक रेघेखाली नाव. 'अमुक बिन तमुक'. बिन म्हणजे मुलगा. सगळ्यांत खाली एका मुलाचं नाव आणि पुढे 'वय ८'. ते नाव काकांच्या वंशावळीत वरून चौथं आहे. कागदावर बोट ठेवलेलं कुणाला आवडत नाही, म्हणून मी बोट वरच्या वर धरलं. आमच्या घरात ज्याचं फक्त नाव उरलं आहे, तो इथं आठ वर्षांचा होता.

काकांच्या वंशावळीपेक्षा या कागदात दोन पिढ्या जास्त निघाल्या. काकांनी जो माणूस मूळ पुरुष धरला होता, तो मूळ पुरुष नव्हताच.

दुपारी पुन्हा पहिल्यापासून वाचताना मधल्या एका फांदीपाशी थांबले. तिथं 'बिन' नव्हतं, 'कोम' होतं. एका बाईचं नाव, पुढे कोम, पुढे नवऱ्याचं नाव. कोम म्हणजे बायको. बिन आणि कोम हे दोन शब्द ओळखता आले की जुन्या नोंदींचं निम्मं कुलूप उघडतं. ती विधवा होती आणि तिने दिराचा मुलगा दत्तक घेतला होता. तो दत्तक खरा की खोटा, यावर शेताचा तुकडा अवलंबून होता, म्हणून तिचं नाव आलं. अकरा पुरुषांमागे एक बाई, आणि तीही शेताच्या वादामुळे. मी ते नाव वहीत उतरवून घेतलं. मी जिला शोधत होते ती ही नव्हे, पण ही तिची चुलत आजेसासू लागेल.

एक गोष्ट मात्र कळून चुकली. मला हवी असलेली बाई कुठल्याच वादात पडलेली नव्हती. ती बाविशीच्या आत गेली, मागे मुलगा होता, त्याच्या हक्कावर कुणी शंका घेतली नाही. सरकारला तिचं नाव विचारायची गरजच पडली नव्हती.

तिसरा दिवस : भारत इतिहास संशोधक मंडळ

सदाशिव पेठेतलं मंडळ १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलं. राजवाड्यांनी घरोघर, वाड्यावाड्यांतून हिंडून कागद मिळवले. लोक जुनं दफ्तर माळ्यावर टाकून द्यायचे, ते त्यांनी वाचवलं. इथं यायचं माझं कारण मात्र साधं होतं : ग्रंथालयातले कुलवृत्तांत बघायचे.

अनेक घराण्यांनी गेल्या शंभर वर्षांत कुलमंडळं काढली, पत्रं पाठवून माहिती मागवली, पदरमोड करून जाड ग्रंथ छापले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा आणि मग पानंच्या पानं वंशवृक्ष. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नाही, होणारही नव्हता. ज्या समाजांत शिक्षण आणि छापखाना लवकर पोहोचला त्यांचे कुलवृत्तांत आधी आले आणि जास्त आले. पण ते कसे केले आहेत, हे मला बघायचं होतं. काही ग्रंथांत प्रत्येक सुनेच्या नावाशी माहेरचं नाव, वडिलांचं नाव, लग्नाचं साल दिलं आहे. म्हणजे विचारलं की मिळतं. ज्या ग्रंथांच्या संपादकांनी विचारलं नाही, त्यांत 'पत्नी' हा शब्दही नाही.

वाचनाच्या टेबलावर शेजारी एक वयस्क अभ्यासक बसले होते. मोडीवर आयुष्य घालवलेला माणूस. त्यांना कालची नक्कल दाखवली. मी सनावळी काढताना सरसकट सहाशे मिळवले होते. त्यांनी पेन्सिलीने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. "शुहूर सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर पाचशे नव्याण्णव मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत सहाशे." एका वर्षाचा फरक, पण तेवढ्याने बापाच्या आधी मुलगा जन्मतो.

मग त्यांनी विचारलं, "त्र्यंबकला गेलात?"

मी म्हटलं, आमचं घर काही फार यात्रा करणारं नव्हतं.

"शेतकरीसुद्धा आयुष्यात एकदा जायचे. आई किंवा बाप गेल्यावर तरी जायचेच. जाऊन या. आडनाव सांगू नका आधी, गाव सांगा. आणि एक करा. जो लेख सापडेल तो पुरता उतरवून घ्या. सोबत कोण आलं होतं, तेही. लोक आपल्या माणसाचं नाव सापडलं की वही मिटतात."

चौथा दिवस : त्र्यंबकेश्वर

पुण्याहून नाशिक, तिथून तीसेक किलोमीटर त्र्यंबक. पाऊस होता. ब्रह्मगिरी ढगात गेलेला, कुशावर्ताच्या पायऱ्या निसरड्या.

तीर्थोपाध्यायांची घरं गावं वाटून घेतलेली असतात. आमच्या गावाचे उपाध्ये कोण, हे दोन घरी विचारल्यावर कळलं. ते माळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या लांबुळक्या वह्या घेऊन आले. मी गाव सांगितलं. त्यांनी अनुक्रमणिकेच्या वहीत बोट फिरवलं आणि तोंडाने शेजारच्या चार गावांची नावं म्हटली, बरोबर आमच्या पांदीच्या क्रमाने. ते कधी आमच्या भागात आलेले नव्हते.

या वह्यांची रीत अशी की यात्रेकरू आला की तो आपल्या आधी कोण येऊन गेलं ते ऐकतो आणि मग स्वतःचा लेख लिहितो : आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भाऊ, मुलं, आणि बायकांची नावं. हो, बायकांचीही. तीर्थावर आईच्या, आजीच्या नावाने पाणी सोडायचं असतं, म्हणून नाव लागतं. तलाठ्याला जे नाव लागत नाही ते उपाध्यायाला लागतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचे मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या जिनीऑलॉजिकल सोसायटीने घेतले. १८९४ मध्ये सुरू झालेली ही संस्था जगभरच्या वंशनोंदी गोळा करते. त्यांना या वह्यांचं मोल कळलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

उपाध्ये पान उलटत होते आणि वाचत होते. मी वहीवर मान वाकवून बसले होते. शके १८३५. पणजोबांचं नाव. सहीच्या जागी नांगराची निशाणी, म्हणजे लिहिता येत नव्हतं. बापाचं नाव, आईचं नाव. मग 'स्त्री' आणि पुढे एक नाव.

मी ते दोनदा वाचायला लावलं. उपाध्ये काही बोलले नाहीत, पान माझ्याकडे वळवून दिलं. मोडीत तीन अक्षरं. मी बाबांना फोन लावणार होते, पण मग मला मंडळातल्या त्या गृहस्थांचं बोलणं आठवलं आणि मी वही मिटू दिली नाही. शके १८३५ म्हणजे १९१३-१४. आजोबांचा जन्म १९१८ चा. मधल्या चार वर्षांत काहीही झालेलं असू शकतं. त्या काळात पहिली बायको बाळंतपणात जाणं आणि वर्षात दुसरी येणं ही नेहमीची गोष्ट. हे नाव पणजोबांच्या बायकोचं आहे, एवढंच सिद्ध झालं. ते आजोबांच्या आईचं आहे का?

लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'समागमे मेहुणा' आणि एक नाव, एका गावाचं नाव. ते गाव आत्याचं. आजोबा जिथं वाढले ते. पणजोबा बहिणीच्या नवऱ्याबरोबर यात्रेला आले होते, असा अर्थ मी लावला आणि ती ओळही उतरवून घेतली.

पाचवा दिवस : तालुक्याच्या गावी

तालुक्याचं नाव लिहीत नाही. अभिलेख कक्ष पाठीमागच्या बाजूला होता आणि मला तिथं बसायला मिळालं, याबद्दल मी ऋणी आहे.

गावपातळीवर जुनी माणसं शोधायची तर पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. जमिनीसाठी कडईपत्रक, फेरफार, जुने सातबारे. माणसांसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दफ्तरं सगळीकडे उघडली गेली, त्यामुळे पूर्वी बासनात असलेल्या पुष्कळ वह्या आता निदान लावून ठेवलेल्या असतात. मोडी वाचणाऱ्यांना त्या निमित्ताने पुन्हा काम मिळालं. आमच्या गावची १९११ ते १९१५ ची वही नव्हती. वाळवी लागली होती म्हणाले. १९१८ ची होती.

पहिले नऊ महिने पातळ. एका पानात दोन-दोन महिने बसलेले. पटकी, देवी, बाळंतरोग, म्हातारपण. सप्टेंबरच्या शेवटी अक्षर बदलतं आणि घाईचं होतं. ऑक्टोबर सुरू झाला आणि मी पान उलटत राहिले, पण महिना संपेना. 'ताप'. 'ताप'. 'ताप'. एका घरची तीन माणसं एका दिवसात. खालच्या ओळीत कारण लिहायचंही सोडून दिलेलं, नुसती खूण. जूनमध्ये ही साथ मुंबईच्या बंदरात उतरली आणि पावसाळ्यानंतर खेड्यांत पसरली. त्या वर्षी पाऊसही नव्हता. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली असं म्हणतात. तो आकडा मी अनेकदा वाचला होता. माझ्या समोरच्या वहीत तो आमच्या आळीतल्या आडनावांनी लिहिलेला होता. बहुतेकांची वयं वीस ते चाळीस. म्हातारी माणसं वाचली आणि कर्ती गेली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती सापडली. नाव, कोम, पणजोबांचं नाव. वय २१. कारण, ताप.

आणि नाव वेगळं होतं. त्र्यंबकच्या वहीतलं नव्हे. एकही अक्षर जुळत नव्हतं.

मी पुढची सगळी पानं पाहिली, मागची पाहिली. पणजोबांच्या नावाची दुसरी 'कोम' कुठं नव्हती. मग दोन शक्यता उरल्या. एक तर त्र्यंबकवाली बाई १९१८ च्या आधी, त्या वाळवीने खाल्लेल्या वहीत मेली, आणि ही दुसरी. किंवा बाई एकच आणि नावं दोन. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलतात. सासरी ठेवलेलं नाव वेगळं आणि माहेरची हाक वेगळी. पण घरची माणसं मेल्याची खबर कोतवालाला देताना माहेरचं नाव कशाला देतील?

त्या रात्री लॉजवर झोप लागली नाही. नाव नसताना जेवढी हुरहूर नव्हती तेवढी दोन नावं मिळाल्यावर वाटू लागली.

सहावा दिवस : आमचं गाव

शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचं नाव नाही. मुख्याध्यापकांनी तीन वह्या स्वतः चाळल्या. असणार कसं, ते इथं शिकलेच नाहीत, हे मला तिथं गेल्यावर सुचलं. चौगुलकीची म्हणून दाखवतात ती पट्टी बघितली. आता तिथं ऊस आहे.

सातवा दिवस : आत्याचं गाव

त्या घराशी आमचं येणंजाणं पन्नास वर्षांपूर्वीच थांबलं. एक बांधाचं प्रकरण झालं होतं. त्यामुळे बाबांनीही तिकडं विचारायचं कधी मनावर घेतलं नाही.

आधी शाळा. १९२० च्या दशकातली वही, बाइंडिंग सुटलेलं, पण अक्षर देवनागरी आणि सुवाच्य. आजोबांचं नाव तिसऱ्याच पानावर मिळालं. जन्मतारीख, जात, मूळ गाव. मग पालकाचं नाव : आत्याचा नवरा. त्र्यंबकच्या वहीतला मेहुणा. पुढच्या रकान्यात नातं.

मामा.

मास्तरांची चूक असणार असं आधी वाटलं. आत्याचा नवरा मामा कसा होईल? मी बाकावर बसले आणि वहीत दोन घरं काढली, मधे रेघा ओढल्या. मेहुणा म्हणजे बहिणीचा नवरा. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊसुद्धा. आपल्या भाषेत दोघांना शब्द एकच आहे. एकच माणूस दोन्ही असला तर? पणजोबांची बहीण त्या घरात दिली आणि त्या घरातली मुलगी पणजोबांना केली. साटंलोटं.

तसं असेल तर आत्या ही आजोबांची मामीही होती. आईविना झालेलं पोर आत्याकडे गेलं असं आम्ही शंभर वर्षं सांगत आलो. ते आपल्या आईच्या माहेरी गेलं होतं. आत्या आमच्या घरची, म्हणून ती लक्षात राहिली. आई त्यांच्या घरची, म्हणून ते घर तिचं होतं हेच आम्ही विसरलो.

ते घर शाळेपासून लांब नव्हतं. ओसरीवर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. आत्याच्या धाकट्या सूनबाई. वय नव्वदीच्या घरात, कान चांगले. कोणाची कोण ते सांगितल्यावर त्यांनी परात बाजूला सारली आणि मला जवळ ओढलं.

"त्याची नात व्हय तू? तो इथंच तर रांगला, या ओसरीवर. माझ्या सासूनं दोन पोरं एका पदराखाली वाढवली."

मी विचारलं, त्यांच्या आईबद्दल तुमच्या सासूबाई काही बोलायच्या?

"बोलायच्या म्हंजे? नणंद-भावजय, आन दोन्ही बाजूंनी. एकीचं माहेर ते दुसरीचं सासर. लहानपणापासून ओळख. म्हातारी मरेपतूर तिचं नाव काढायची." आणि त्यांनी नाव घेतलं. कोतवाल बुकातलं.

मी त्र्यंबकच्या वहीतलं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ते लग्नातलं. सासरी ठेवल्यालं. पण हाक कुणी मारली नाही त्या नावानं. तुमच्या घरीसुदिक समदी माहेरच्याच नावानं बोलवायची. माझी सासूच तशी बोलवायची ना, मग समद्यांना तीच सवय. गेली तवा तिचा भाऊच धावला होता तिकडं. घरात उभं राहील असं कुणी नव्हतंच, समदे तापानं पडल्याले."

म्हणजे खबर भावाने दिली असणार. त्याच्या तोंडून दुसरं नाव येणं शक्यच नव्हतं.

आजी आत गेल्या आणि एका जुन्या ट्रंकेतून काही आणायला निघाल्या, मग परत फिरल्या. वस्तू काही उरली नव्हती. फोटो कधी काढलाच नव्हता. "उंच होती म्हणायची. आन जात्यावर बसली की उठायचं नाव नाही." एवढंच. मी ते लिहून घेतलं, अगदी त्याच शब्दांत.

ती दोन नावं मी इथं लिहिलेली नाहीत. ती आधी बाबांच्या तोंडून उच्चारली जायला हवीत.

वेशीबाहेर चिंचेखाली थांबून फोन लावला. रजिस्टरात 'मामा' लिहिलंय हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग आपल्या वडिलांबद्दल म्हणाले, "दादा त्यांना मामाच म्हणायचे. नेहमी. आम्हाला वाटायचं, लहानपणीची काहीतरी सवय."

मी पहिलं नाव सांगितलं, मग दुसरं. त्यांनी सावकाश सांगायला लावलं. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. काकांची वंशावळ त्यांनी टेबलावर पसरली होती.

"इथं जागा नाही ठेवलेली," ते म्हणाले. "दादांच्या वर डाव्या अंगाला लिहितो. पुढे कोम लिहायचं का?"

"नको. नुसती नावं लिहा. दोन्ही."

मग पेन्सिलीचा आवाज येत राहिला आणि मी फोन कानाला धरून उभी राहिले.